कासिल्दाच्या मुठीचं वजन

न्या कासिल्दा ओवेलारला इस्पितळात आणलं तेव्हा तिच्या पायांत चप्पल शिरत नव्हती आणि आडवं झालं की श्वास कोंडत होता. तरीही स्ट्रेचर ढकलणाऱ्याला ती सुनावत होती, "नीट चालव रे. माझ्या गाड्यावर कसावाची पोतीसुद्धा याहून सुखानं येतात."

पाराग्वेतल्या असुन्सिओनच्या बाजारात ती एकेचाळीस वर्षं औषधी पाला विकत होती; तिकडे वयानं मोठ्या बाईला मानानं 'न्या' म्हणतात. पुदिना, भुईआवळी, मक्याचे केस, ओढ्याकाठचं घोडशेपूट. गिऱ्हाइकानं थर्मास पुढे करायचा, दुखणं सांगायचं. कासिल्दा खलबत्त्यात चार ठोके द्यायची आणि ठेचलेला पाला थर्मासच्या बर्फाळ पाण्यात सोडायची. ते पाणी मग दिवसभर शिंगाच्या पेल्यात, येर्बाच्या वाळक्या पानांच्या चुऱ्यावर ओतून, नळीनं प्यायचं. हे असलं तेरेरे तर सगळेच पितात. कासिल्दाच्या पाल्याचं तेरेरे पिणारे मात्र स्वतःला शहाणे समजत. दुखणं सांगताना कुणी लाजलं तर तिला खपत नसे. "लघवी होत नाही असं सरळ म्हण ना! तोंडात काय चिपा-पाव कोंबलाय?" हे ती भर बाजारात विचारायची. माणसं चिडायची आणि पुढच्या आठवड्यात परत यायची.

डॉक्टर लोकांविषयी तिचं मत एका वाक्यात मावायचं: ज्याचं अक्षर कुणाला वाचता येत नाही, त्याची चूकही कुणाला सापडत नाही.

डॉक्टर फ्रेतेस मात्र छापील कागद घेऊन आला. तिशीचा, कोवळ्या दाढीचा आणि अतिशय सभ्य. खाटेजवळ स्टूल ओढून त्यानं चौदा पानं तिच्या मांडीवर ठेवली.

"न्या कासिल्दा, तुमचं हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साचलंय. ते लघवीवाटे काढायचं इंजेक्शन सगळ्यांनाच मिळतं. किती द्यायचं, हे आम्ही तपासतोय. एका गटाला नेहमीच्या अंदाजानं देतो. दुसऱ्या गटाची लघवी दोन तासांनी तपासतो. तिच्यात मीठ कमी निघालं, तर डोस वाढवतो."

"माझ्या रश्श्यातलं मीठ काढून घेतलंत, आणि आता माझ्या भांड्यात शोधताय?"

"हो... म्हणजे, साधारण तसंच."

"आणि मी कुठल्या गटात, ते तू ठरवणार?"

"नाही. संगणक ठरवतो. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. मी ठरवलं तर माझी आवडनिवड मध्ये येईल."

"बारा वर्षं शिकलास आणि शेवटी चिठ्ठ्या टाकतोस! मी असं केलं असतं तर लोकांनी माझाच बत्ता माझ्या डोक्यात घातला असता."

तिनं चौदाही पानं वाचली आणि सही केली. शेजारच्या खाटेवरच्या न्या पेर्पेतुआनं आदल्याच दिवशी केली होती. आता नाही म्हणणं म्हणजे भ्यायल्यासारखं दिसलं असतं. पेर्पेतुआ जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवत आलेली, कुणालाही नाही न म्हणणारी बाई. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचेसुद्धा ती आभार मानायची. कासिल्दाला ती पहिल्या तासातच बावळट वाटली.

संगणकानं कासिल्दाला अंदाजाच्या गटात टाकलं आणि पेर्पेतुआला मिठाच्या. दर सहा तासांनी सिस्टर येऊन खाटेखालच्या भांड्यांवरच्या रेघा वाचायची. पहिल्या दिवशी पेर्पेतुआचं भांडं कासिल्दाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. चढाओढ कुणीच लावली नव्हती, पण कासिल्दाच्या मनात ती लागली.

"अंदाजच करायचा," ती भेटायला आलेल्या निमियाला, आपल्या लेकीला, म्हणाली, "तर मग माझा काय वाईट आहे? उद्या थर्मास आण. घोडशेपूट, मक्याचे केस, भुईआवळी. पिशवीभर आण, इथेच ठेचू."

बाहेरचं औषध घ्यायचं नाही, हे कागदाच्या सहाव्या पानावर होतं आणि तिनं ते वाचलं होतं. पण तेरेरेला औषध कोण म्हणतं? सिस्टरच्या फॉर्मवर तंबाखू होती, दारू होती, चहा-कॉफी होती. तेरेरेचा रकानाच नव्हता. आणि न विचारलेलं सांगायला कासिल्दा काही शाळेतली पोर नव्हती.

दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेला थर्मास आला. कासिल्दानं पहिला पेला ओढला आणि मान वर केली, तर पेर्पेतुआ बघत होती. मागत नव्हती, नुसती बघत होती. पेला एकटीनं पिऊन खाली ठेवणं म्हणजे शेजारणीच्या थोबाडीत मारणंच. कासिल्दानं तो भरून पुढे केला.

"घे. तुझ्या इंजेक्शनला जरा हातभार."

पेर्पेतुआनं तो संपवला, त्यानंतरचाही. दुसऱ्या दिवशीच्या भांड्यांकडे बघून डॉक्टर फ्रेतेसचा चेहरा उजळला. "दोघींचंही उत्तम चाललंय!" तो म्हणाला. कासिल्दानं छताकडे बघत निमियाला कोपरानं ढोसलं. "बघ, कसा खूश झालाय. त्याला वाटतंय, हे त्यानंच केलं."

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर पेर्पेतुआच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग तिचं बोलणं अडखळलं, आणि उशाशी लावलेल्या यंत्राच्या पडद्यावरची हृदयाची रेघ वेडीवाकडी नाचायला लागली. फ्रेतेस धावत आला. त्यानं कागद उलटेपालटे केले.

"लघवीवाटे पोटॅशियम वाहून गेलंय बहुतेक, पण सकाळी रक्तात ते ठीक होतं," तो सिस्टरला म्हणाला. "एवढ्या डोसनं इतक्या लवकर? रक्त परत पाठवा. तास लागेल. न्या पेर्पेतुआ, काही खाल्लंत? काही प्यायलात?"

पेर्पेतुआनं मान हलवली. नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणाली, तेही कासिल्दासाठी. सिस्टर दोन वाजताचं इंजेक्शन भरत होती.

निमियानं आईचा दंड घट्ट धरला. "आई, गप्प बस," ती कुजबुजली. "कासिल्दाच्या पाल्यानं बाई गेली असं झालं, तर उद्या आपल्या गाड्यावर कोण फिरकेल?"

हे कासिल्दाला लेकीपेक्षा चांगलं कळत होतं. एकेचाळीस वर्षांत तिनं नावाखेरीज काही कमावलं नव्हतं. तिनं पेर्पेतुआच्या ओठांकडे पाहिलं. ते काहीतरी पुटपुटत होते, बहुधा कुणाचे तरी आभार.

"ए सिस्टर, ती सुई खाली ठेव!" कासिल्दा ओरडली. "आणि तू काय कागदात तोंड खुपसून बसलायस, डॉक्टर? तिनं दोन दिवस माझा पाला प्यायलाय. लघवीचा. मीच दिला."

फ्रेतेसनं सुई बाजूला ठेवायला लावली, पोटॅशियमची बाटली मागवली आणि अर्धा तास पेर्पेतुआची खाट सोडली नाही. रेघ हळूहळू पुन्हा तालावर आली. तेव्हा कुठे तो कासिल्दाकडे वळला. ओरडा खायला ती तयार होती. उत्तरही जिभेवर होतं. त्यानं एवढंच विचारलं:

"किती दिलात?"

"एक मूठ. थर्मासला एक मूठ."

"म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे मूठ! हा हात एकेचाळीस वर्षं मोजतोय. यंत्र नाही लागत त्याला."

फ्रेतेसनं औषधांचा छोटा तराजू आणवला. निमियाची पिशवी उघडली. कासिल्दानं तोऱ्यात मूठ भरली आणि पारड्यात सोडली. अठरा ग्रॅम.

"परत," तो म्हणाला.

एकतीस.

"परत."

तेवीस. कासिल्दानं आपला हात उलटसुलट करून पाहिला, एखाद्या चोर नोकराकडे बघावं तसं. फ्रेतेसनं तिन्ही आकडे लिहून घेतले.

"पाल्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "नुसत्या आमच्या इंजेक्शननंही होऊ शकतं. आता ते वेगळं काढता येणार नाही."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

"आणि मला पण नाही. छान जोडी जमली." मग तिनं विचारलं, "आता काय करणार आमचं?"

"तुम्हा दोघींचे आकडे अभ्यासातून बाजूला काढावे लागतील."

"वा! खरं बोललो म्हणून आम्ही बाहेर. आणि तोंड मिटून पिणारे आत?"

फ्रेतेसनं खिशातून पेन काढून फॉर्मच्या तळाशी हातानं एक रकाना आखला, 'तेरेरे, किती, त्यात काय', आणि तो खाटेखाटेशी गेला. वॉर्डात अभ्यासातले अकरा जण होते. नऊ जणांनी कबूल केलं. एकानं तर उशीखालचा थर्मास काढून दाखवला. फ्रेतेस मटकन स्टुलावर बसला.

"इथेच जन्मलास ना रे?" कासिल्दा पलीकडून म्हणाली. "सकाळी स्वतः काय पितोस? फॉर्म बनवताना आठवलं नाही?"

त्याला आठवलं नव्हतं. तो फोनकडे गेला. अभ्यासात आणखी सहा इस्पितळं होती.

पेर्पेतुआ आठवड्यानं घरी गेली. जायच्या आधी ती कासिल्दाच्या खाटेशी आली आणि म्हणाली, "तो पाला फार कडू होता गं."

"मग प्यायलीस कशाला, बये?"

"तू दिलास म्हणून."



कासिल्दा गाड्यावर परतली तेव्हा बाजाराला सगळं कळलेलं होतं. आता गिऱ्हाईक आलं की ती आधी म्हणते, "कुठल्या गोळ्या घेतोस? दाखव." पाला तराजूत तोलून देते. बरेच जण वैतागतात आणि पलीकडे न्या ब्राउलियाच्या गाड्यावर जातात. ब्राउलिया काही विचारत नाही.

परवा एक जाडजूड बसड्रायव्हर आला. घोटे सुजून बुटाबाहेर आलेले.

"लघवी मोकळी होईल असं काहीतरी दे, मावशी."

"गोळ्या दाखव."

"पाला मागतोय, तुझी लेक मागत नाहीये. एवढी चौकशी?"

"लेक एक वेळ दिली असती. पाला नाही देणार."

तो हसून पलीकडे गेला. ब्राउलियानं बत्ता उचलला. एकेचाळीस वर्षांत कासिल्दानं त्या बाईच्या गाड्याच्या सावलीतसुद्धा पाय ठेवला नव्हता. ती आपल्या गाड्यामागून निघाली, दम खात तिथवर गेली आणि ब्राउलियाच्या खलबत्त्यावर तिनं आडवा हात ठेवला.

"याला देऊ नकोस. आधी गोळ्या बघ."

"तुझं गिऱ्हाईक पळालं म्हणून जळतेस होय गं?" ब्राउलिया सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली. "एकीला आडवी केलीस, आता मला शिकवायला आलीस?"

आजूबाजूचे हसले. कासिल्दानं ते ऐकून घेतलं. ड्रायव्हर चडफडत खिशातून गोळ्यांचं पाकीट काढेपर्यंत तिनं खलबत्त्यावरचा हात उचलला नाही.