आईने सोडलेलं अंजीर

बाबांच्या अस्थी घेऊन काशीला गेलो, तेव्हा घाटावरच्या गुरुजींनी आईला बाबांच्या नावाने एखादं फळ सोडायला सांगितलं. काशीत सोडलेली वस्तू पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, ही आमच्याकडची रीत. आणि सोडायचं तेही असं, की घरात काही अडू नये. आमच्या आत्याने भावनेच्या भरात वांगं सोडलं, आणि पुढे प्रत्येक पंगतीत तिचं तोंड उतरायचं. आई हुशार. तिने अंजीर सोडलं. "नांदेडात कुठं मिळून राहिलंय ताजं अंजीर?" परतीच्या गाडीत ती म्हणाली.

दोन वर्षांनी अंगणात अंजिराचं रोप लावलं ते मीच. सोडलंय तिने, मी नाही, असा माझा खाक्या. पाणी मात्र तीच घालायची. मी लातूरला शाळेत शिकवते. सुट्टीला यायचे, मनसोक्त अंजिरं खायचे आणि जायचे. उरलेली ती शेजारच्या काकूंना देऊन टाकायची.

यंदा पावसाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनचे शेक सुरू झाले आणि घास उतरेना. मी रजा टाकून आले. दसरा होईपर्यंत वरणाचं पाणीसुद्धा तिला नकोसं झालं. वजन आणखी उतरलं तर शेक थांबवावे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाकातून नळी घालायला ती तयार नव्हती. मी खिमट केलं, नाचणीचं सत्त्व केलं, शिरा पातळ केला. "माती लागतीया," म्हणून ती वाटी सरकवायची. मी तिच्यावर ओरडायचे आणि मग ओट्यापाशी जाऊन रडायचे. इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते.

त्याच दिवसांत झाड लगडलं. एका सकाळी खिडकीशी पडल्या पडल्या ती म्हणाली, "वास लई गोड सुटलाय गं."

कित्येक दिवसांत खाण्याबद्दल तिने काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी लगेच म्हटलं, "एक खा ना आई. देव काही रागवायचा नाही."

"देवाला कुठं सोडलंय? तुझ्या बापाच्या नावानं सोडलंय." तिने भिंतीकडे तोंड केलं.

मग मी ठरवलंच. पहिल्या दिवशी गर न शिजवताच कोमट दुधात घातला, तर दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी देठातून पांढरा चीक गळत असलेली अंजिरं सोलली, चमचाभर तुपावर मंद आचेवर शिजवली, फडक्यातून गाळली, गार झाल्यावर आटवलेल्या दुधात कालवली. चिमूटभर वेलची. रंग तपकिरी आला.

"खजुराची खीर आहे," मी म्हटलं.

तिने एक चमचा घेतला. मग दुसरा. वाटी संपली आणि ती म्हणाली, "आजून हाय का?"

मी पाच दिवस तीच खीर केली. त्या आठवड्यात वजन उतरलं नाही. डॉक्टर म्हणाले, "जे देताय तेच चालू ठेवा." मला खोटं बोलल्याची जराही लाज वाटली नाही. बाबा असते तर त्यांनीच झाडावर चढून अंजिरं काढली असती, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

सहाव्या दिवशी वाटी पुढे केली, तर तिने माझं मनगट धरलं. चिकाने माझी बोटं लाल झाली होती, पेरांची साल निघाली होती. तिने ती उजेडात धरून पाहिली.

"खजुरानं बोटं सोलत न्हाईत," ती म्हणाली.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, तुला जगवायचं होतं गं, दुसरं काहीच सुचलं नाही.

"हाव. ठाऊक हाय मला." ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. वाटी तिने हलक्या हाताने खाली ठेवली.

संध्याकाळी मी तांदळाची पेज नेली. तिने आधी पेजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यात काय हाय?"

"तांदूळ आणि मीठ. तुझी शप्पथ."

तिने तोंड उघडलं नाही. मी तिच्यासमोर दोन चमचे खाऊन दाखवले, तरी नाही. रात्रीही नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. शेवटी काकूंना हाक मारली. त्यांनी त्यांच्या घरून पेज करून आणली, आणि आई त्यांच्या हातून पाच चमचे प्यायली. मी दारात उभी होते. पाचही चमचे घशाखाली जाताना पाहिले.

भांडं परत देताना मी काकूंना म्हटलं, रोज येत जाल का, दोन्ही वेळेला.

"येते की बाई. पण परवा नायगावला चालले, लेकीच्या बाळंतपणाला."

"किती दिवस?"

"महिना तरी लागंल."