जीपसाठी मागत फिरलो ते वर्ष

श्रावणात काकी अळंबी काढायला गेल्या आणि वारुळाच्या पलीकडून अस्वल आलं. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, आमच्या घराच्या वरच्या अंगाला राहतात. दोघा माणसांनी त्यांना घोंगडीत घालून खाली आणलं तेव्हा मी अंगणात होते. तोंडावर पदर टाकला होता आणि पदर सगळा भिजला होता. मी पुढे गेले नाही. मुलीला ओढून आत घेतलं आणि दार लावलं.

ते वारूळ शाळेच्या वाटेला लागून होतं.

आमच्या वाडीपासून शाळा पायवाटेनं तासाभरावर, सगळी रानातून. गाडीचा रस्ता आहे, पण तो डोंगराला वळसा घालून जातो आणि त्यावर बस येत नाही. शाळेत मुलं अकरा, त्यातली सहा आमच्या वाडीची. दुसऱ्या दिवसापासून सहाही घरी बसली. आठ दिवसांनी शाळेच्या बाई स्वतः चालत आल्या. एकच शिक्षिका त्या. माझ्या पडवीत बसून त्यांनी सांगितलं की ही सहा आली नाहीत तर पटावर पाचच उरतील, मग शाळा बंद होईल आणि मुलांना मोठ्या गावच्या शाळेत जावं लागेल. म्हणजे वसतिगृहात. माझी मुलगी तिसरीत होती. अजून रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची.

पालक समितीची बैठक झाली. आधीचे अध्यक्ष कामाला गोव्याला गेले होते. मी खानापूरकडची, दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून सगळ्यांनी माझंच नाव लिहिलं. ठरलं असं की पुढच्या जूनपासून मुलांसाठी वर्षाच्या बोलीनं एक जीप लावायची आणि तोवर त्याचे पैसे उभे करायचे. जीप येईपर्यंत पालकांनी पाळीपाळीनं मुलांना पोचवायचं. माझ्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार आले.

बैठकीत पुरुष म्हणाले की जन्म रानात गेला, अस्वलच माणसाला घाबरतं. सगळे हसले. मीही हसले. मला भीती वाटते हे सांगायची ती वेळ होती, पण अध्यक्षानंच तसं म्हटलं तर बाकीचे मुलं कशी पाठवणार? सोमवारी संध्याकाळी भाकरी थापताना हात थांबायचा. मंगळवारी सकाळी मी हातात वाजवायला ताट आणि काठी घेऊन पुढे चालायचे आणि मुलं मागून मोठ्यानं पाढे म्हणत यायची. शाळा सुटेपर्यंत मी तिथंच थांबायचे आणि मुलांबरोबरच परतायचे. आवाज ऐकून जनावर बाजूला होतं, असं सगळे सांगत. त्या वर्षी आमची मुलं तिसापर्यंतचे पाढे शिकली.

काकी दोन महिन्यांनी हुबळीच्या दवाखान्यातून घरी आल्या. वाडीतल्या सगळ्या बाया भेटून आल्या. मी गेले नाही. आज काम आहे, उद्या जाईन असं करत राहिले. वरच्या अंगाला त्यांचं दार वाजलं की मी मान खाली घालून गोठ्यात शिरायची.

दिवाळीनंतर आम्ही बाजारात कंद विकले, कोकम विकलं, घरोघरची हळद नेली. त्यातून फार तर दोन-तीन महिन्यांची जीप झाली असती. मग कुणीतरी सुचवलं की गणेशगुडीला जाऊन एखाद्या लॉजवाल्याला विचारावं. थंडीत तिथं पाहुणे भरून असतात. अध्यक्ष म्हणून विचारायचं मी. बसमध्ये मी काय बोलायचं ते मनात घोकत गेले, आणि लॉजच्या पायऱ्या चढताना सगळं विसरले. मॅनेजर तरुण होता, सभ्य होता. त्यानं कॉफी दिली आणि मी अडखळत बोलले ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला की मदत करू, मोठीच करू, पण दर शनिवारी तुमच्या मुलांनी आमच्या पाहुण्यांसमोर तुमचे नाच दाखवावेत. न्यायला-आणायला गाडी पाठवतो. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. मुलं शिमग्याला नाचतातच की.

पहिल्या शनिवारी दिवस बुडायच्या सुमारास मुलं नटूनथटून गेली. मीही बरोबर होते. शेकोटीभोवती पाहुणे बसले होते. मुलींनी फुगड्या घातल्या, मुलगे नाचले, टाळ्या पडल्या. मग मॅनेजरनं सांगितलं की ही मुलं रोज अस्वलाच्या रानातून शाळेत जातात. एका पाहुण्या बाईंनी प्रेमानंच विचारलं, अस्वल पाहिलंय का? माझी मुलगी धीट. ती म्हणाली, आमच्या काकीआजीला धरलं होतं. कसं धरलं, दाखव ना, असं त्या म्हणाल्या.

माझ्या मुलीनं दाखवलं. एका मुलाला तिनं अस्वल केलं आणि स्वतः काकी झाली. वाकून अळंबी काढली, मागे पडली, दोन्ही हात तोंडावर घेतले, पाय झाडले. सगळे फोन वर झाले. कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी म्हणालं, परत कर, आधीचं नीट आलं नाही. तिनं परत केलं. दुसऱ्या वेळी तिनं ओरडूनही दाखवलं. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला जागचं हलता आलं नाही.

मंगळवारी शाळेत पोचल्यावर बाईंच्या फोनवरून मॅनेजरला कळवलं की मुलं पुन्हा येणार नाहीत. तो रागावला नाही. त्या एका दिवसाचे पैसे त्यानं पाठवले, आणि एवढंच म्हणाला की विचार बदलला तर सांगा. समितीतले काही पालक मात्र माझ्यावर चिडले. नाचाच्या पैशावर अर्ध्याहून जास्त वर्ष निघालं असतं, आणि मी कुणाला न विचारता नकार दिला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, संक्रांत झाल्यावरच्या शुक्रवारी, धुकं होतं. ओढा ओलांडून आम्ही वर चढलो आणि वळणावर अस्वल वाटेतच उभं होतं. वीस-पंचवीस पावलांवर असेल. पाठीवर पिल्लू होतं. ते मान हलवत हुंगत होतं आणि त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मुलांचा पाढा मध्येच तुटला. काठी माझ्या हातात होती, ताट हातात होतं. मला फक्त हात उचलायचा होता. तो उचलला गेला नाही. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग अस्वल आपणहून खाली घळीत उतरलं आणि पाचोळ्याचा आवाज लांब लांब गेला. पहिलीतल्या पोरीनं उभ्या उभ्या कपडे ओले केले होते.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू ताट का वाजवलं न्हाईस?"

शाळेत पोचल्यावर मी मागच्या पायरीवर बसले. डोक्यात एकच होतं. नाचाला हो म्हटलं असतं तर संक्रांतीपासूनच जीप लागली असती. मी नकार दिला म्हणून ही सहा मुलं आज त्या वाटेवर होती.

रविवारी मी लुगडं बदलून गणेशगुडीला निघाले. मॅनेजरला हो सांगायला. दारातून बाहेर पडते तर अंगणात काकी उभ्या. तोंडाला पदर घट्ट धरलेला, एक डोळा तेवढा उघडा.

"कुठं जाऊलालीस?" त्यांचा ओठ नीट मिटत नव्हता, शब्द फुटून येत होते.

मी सांगितलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"तुझ्या पोरीनं माझं सोंग केलं म्हणे."

मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. मी काहीबाही बोलायला लागले, पोर लहान आहे, तिला कळत नाही. काकींनी हातानं थांबवलं आणि पदर सोडला.

मी पाहिलं. ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच लिहिते की मी मान वळवली, आणि काकी तशाच उभ्या राहिल्या, मी परत वळून बघेपर्यंत.

मग त्या म्हणाल्या, "पोरांना नाचवू नको. माझं तोंड माझ्याजवळ हाय. मी येतो तुझ्यासंगं. बघू कोण न्हाई म्हणतंय."

तिथून पुढे चार महिने आम्ही दोघी जीपसाठी पैसे मागत फिरलो. आधी दिग्गीच्या अंगाच्या वाड्या, मग जोयडा, मग रामनगरच्या बाजारपेठेतली दुकानं. काकींचं बोलणं परक्याला कळायचं नाही, म्हणून त्या बोलायच्या आणि मी तेच पुन्हा सांगायची. त्यांच्या ओठांकडे बघितल्याशिवाय शब्द मलाही लागत नसत. पहिले काही दिवस रोज सकाळी मी काहीतरी काम काढून निघायला उशीर करायची. काकींना ते कळत होतं. त्या अंगणात उभ्या राहून वाट बघायच्या.

रामनगरला एका कापडाच्या दुकानात मालकानं काकींना पाहिलं, तोंड फिरवलं आणि गल्ल्यातून नोटा काढून पाठमोऱ्यानंच हात पुढे केला. मी घेतल्या. काकींनी माझ्या हातातून त्या काढून परत गादीवर ठेवल्या. त्या काय म्हणाल्या ते मी मालकाला सांगितलं.

"त्या म्हणतात, आधी ऐकून घ्या, मग द्या. आम्ही भीक मागायला आलो न्हाई."

मला वाटलं, आता हाकलून देतील. मालक वळला. त्यानं काकींकडे नीट पाहिलं, त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. शाळा कुठली, मुलं किती, सगळं विचारलं. निघताना आधीच्या नोटांवर आणखी काही घातल्या आणि शेजारच्या दोन दुकानदारांकडे स्वतः घेऊन गेला. सगळेच असे नव्हते. एकानं आम्हाला बघून शटर अर्धं ओढलं. एका बाईनं पोरं घाबरतात म्हणून अंगणातूनच परत जायला सांगितलं. त्या दिवशी काकी बसमध्ये पूर्ण वाट पदराखाली होत्या.

मेच्या बैठकीत मी उभी राहिले आणि त्या शुक्रवारी काय झालं ते खरं खरं सांगितलं. ताट वाजवता आलं नाही हेही. जन्म रानात गेला म्हणणाऱ्यांतले एक गृहस्थ म्हणाले की त्यांच्या पाळीला ते मुलांना मधे घेऊन धावतच नेतात. कुणी हसलं नाही.

जूनमध्ये जीप आली. जुनीच, पण दारं धड लागणारी. सहा मुलं आत बसली. माझ्या मुलीनं खिडकीतून हात हलवला आणि पुढच्याच क्षणी दुसरीकडे बघून बोलायला लागली. पुढच्या वर्षासाठी पुन्हा फिरावं लागणार होतं. काकींनी ते आधीच सांगून ठेवलं होतं.

तो शुक्रवार होता. पोचवायला म्हणून मोठ्यांतली मी एकटीच रस्त्यापर्यंत गेले होते. जीप वळणाआड गेली, आवाजही गेला. घरी परतायला झाडीतून दहा मिनिटांची वाट. त्या श्रावणापासून मी रानात एकटी कधी चालले नव्हते, नेहमी मुलं नाहीतर दुसरं कुणी बरोबर असायचं. बाजूला काहीतरी सळसळलं. सरडा असेल, कोंबडी असेल. मी पळत सुटले. अंगणात पोचल्यावर कळलं की एक चप्पल मागेच राहिली. ती आणायला दुपारी नवऱ्याला सोबत घेऊन गेले.