मास्तरांचं घर मोजायचं राहिलं

शिरगणती आली की आमच्या शेजारचे मास्तर नार्नूरकडची गावं पायी पालथी घालायचे. तेलुगू दारात 'एंत मंदी?' विचारायचे, मराठी दारात 'कितीक जन हाये?', आणि गोंडांच्या दारात आधी पाणी मागायचे. मग चौकटीवर गेरूनं नंबर. संध्याकाळी भेटले की कोणाकडे सून आली, कुठला म्हातारा गेला, सगळं सांगत. स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

एका खेपेला शेवटच्या दिवशी ते कोरा फॉर्म घेऊन माझ्या ओट्यावर बसले.

"माझं घर राह्यलं. तुमी इचारा, मी सांगतो."

"तुमीच भरून टाका ना, मास्तर."

"सामोर बसून इचारल्याबिगर मी कोनाचंच लिवलं नाही."

मला हे खूळच वाटलं, तरी विचारू लागलो. प्रत्येक उत्तराआधी ते खाकरून नीट बसत.

"घरात माणसं किती?"

"एक." मग म्हणाले, "हो, एकच लिवा."

धर्म बौद्ध, भाषा मराठी, काम मास्तरकी. रकाने संपले. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"आखीन काही इचारा ना," ते म्हणाले.