नर्सबाईंच्या वाटेचे टायर

पेणहून निघून रोह्याच्या आत सात मैलांवरच्या एका लग्नाला पोहोचायला मला एकवीस दिवस लागले. त्यातले वीस दिवस टायर निवडण्यात गेले.

मी याद्या करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नव्वदच्या दशकात मी पेणच्या एका शाळेत हेडक्लार्क होते आणि घरीही तशीच होते. वाणसामानाची यादी, पाहुण्यांची यादी, पाहुण्यांसमोर बोलायचे नाहीत अशा विषयांची यादी. आमचे हे सांगतात की, लग्नात माझ्या एका हातात हार होता आणि दुसऱ्या हातात यादी. (हे साफ खोटं आहे. यादी माझ्या बहिणीकडे होती.)

माझ्या सासूबाई तीस वर्षं रोहा तालुक्यात नर्स होत्या. पांढरं पातळ, काळी लेडीज सायकल, कॅरियरला बांधलेली बाळंतपणाची पेटी. वाड्या-वस्त्यांवर त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. नर्सबाई म्हटलं की पुरे. त्या तीस वर्षांत त्यांना एकदाच उशीर झाला. डोंगराकडेच्या एका वाडीतल्या यमुनेला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, ह्या निघाल्या आणि अर्ध्या वाटेत सायकल पंक्चर झाली. त्या पंक्चर काढून पोहोचेपर्यंत मुलगी जन्मून रडून झोपलीसुद्धा होती. दोघी सुखरूप होत्या, पण सासूबाईंना ते लागलं. त्यांनी यमुनेला तिथंच शब्द दिला, "हिच्या लग्नाला मी येळेवर येईन. याच सायकलीवरून."

वीस वर्षांनी त्या मुलीची, सुगंधाची, पत्रिका आली. फाल्गुनातलं लग्न, मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा.

"आई, फाट्यापर्यंत एसटीनं जा," हे म्हणाले. "पुढे बैलगाडी सांगून ठेवतो."

"मी यमुनेला सायकल सांगितलीय."

"त्याला वीस वर्षं झाली. तू आता सहासष्टची आहेस. सायकलला गंज चढलाय."

"सायकलला चढला. शब्दाला नाय."

हे माझ्याकडे बघू लागले. आमच्या घरात गोष्ट हाताबाहेर गेली की माझ्याकडे बघतात. मी वही उघडली. नवीन पान घेतलं, वर लिहिलं 'टायर', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. कारण मागच्या खेपेला घात कशानं झाला होता? टायरनं. मग या खेपेला टायर असा हवा की तो वाटेला पुरून उरला पाहिजे.

आधी वाटेची यादी केली. रोह्यापासून दोन मैल डांबर, मग तांबड्या मुरमाचा रस्ता, मग सुटी खडी, मग शेतातले बांध, पाट ओलांडणं आणि शेवटी वाडीचा चढ. प्रत्येकापुढे रकाने आखले: घसरण, काटे, धक्के, वेग. ज्याला ज्याला विचारता येईल त्याला विचारलं. रोह्याहून रोज येणाऱ्या आमच्या शिपायाला विचारलं. भाजीवालीला विचारलं. एका संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अगो सुनंदा, त्या वाटेला ना—"

"आई, तुम्ही काही काळजी करू नका," मी म्हटलं आणि 'काटे' या रकान्यात 'बाभूळ' लिहिलं.

आमच्या आळीत सायकलचं दुकान होतं नानाचं. त्याला मी सहा प्रश्न लिहून नेले. त्यानं पहिल्या प्रश्नालाच हात टेकले.

"वहिनी, टायर दोन जातीचे असतात. एक फुटलेला, एक न फुटलेला. तुम्हाला न फुटलेला देतो."

"पण मधल्या खाचा किती खोल हव्यात?"

"खाचा?" नाना म्हणाला. "खाचा गुळगुळीत झाल्या की लोक टायर बदलायला येतात. तेवढंच मला माहीत."

अशा वेळी रशीदभाई भेटणं हे माझं नशीब की दुर्दैव, ते अजून ठरलेलं नाही. ते आमचे शेजारी, आखातात नोकरीला, तेव्हा सुट्टीवर घरी आलेले. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, तिकडं तर डोंगरात चालवायच्या सायकली वेगळ्याच मिळतात. जाडे टायर, वर हे असे रबराचे ठोकळे. गोरी पोरं दगडधोंड्यांतून, ओढ्या-नाल्यांतून चालवतात. शौक म्हणून."

"शौक म्हणून?" सासूबाईंनी आतून विचारलं. "कुणाचं बाळतपण नसताना?"

"नसताना, खाला."

"मग जातात कशाला?"

रशीदभाईंनी विषय पुन्हा टायरवर आणला. टायरबद्दल त्यांना पुष्कळ माहिती होती. ठोकळे मोठे आणि विरळ असले तर चिखल निघून जातो, पण डांबरावर पाय भरून येतात. ठोकळे बारीक आणि दाट असले तर कोरड्या मुरमावर सायकल पळते. फार जाडा टायर जड, फार बारीक टायर घसरणार. मी तीन पानं लिहिली. फाल्गुन म्हणजे कोरडी जमीन. म्हणून ठरलं: मध्ये दाट बारीक ठोकळे, कडेला वळणासाठी जरा मोठे, जाडी मध्यम, माप सव्वीस. रशीदभाईंचा चुलतभाऊ पुढच्या आठवड्यात येणारच होता. त्याच्या बॅगेत, खजुरांच्या आणि अत्तरांच्या मधोमध, आमचे दोन टायर आले.

सगळी आळी बघायला आली. टायरला अत्तराचा वास येत होता. सासूबाईंनी एक ठोकळा बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. पन मी काय म्हणते, तिथं शेतात—"

"शेतासाठी कडेचे ठोकळे आहेत, आई."

नानानं टायर चढवायला घेतला. तो चढेना. मग नानानं गुडघा लावला. मग दोन गिऱ्हाइकांनी गुडघे लावले. शेवटी नाना घाम पुसत उठला. जुन्या टायरवर सव्वीस लिहिलेलं होतं, नव्यावरही सव्वीसच, आणि तरी नव्याचा घेर चांगला बोटभर लहान.

"वहिनी," तो म्हणाला, "हे सव्वीस आणि ते सव्वीस एकमेकांच्या नात्यातले नाहीत."

दुसरं कुणी असतं तर त्यानं टायर परत केले असते. मी टायरला बसेल अशी सायकल शोधली. रशीदभाईंच्या भावाकडे नव्या फॅशनची जाड्या चाकांची सायकल होती, तिला ते अगदी फिट्ट बसले. सासूबाईंनी तिच्यावर बसणं शक्य नव्हतं, कारण मध्ये आडवा दांडा होता आणि शब्द जुन्या सायकलीचा होता. जुन्या सायकलीला नानानं आपले साधे, न फुटलेल्या जातीचे टायर घातले. म्हणून मग असं ठरलं (म्हणजे मी ठरवलं) की नव्या टायरवर मी पुढे जायचं, वाट पक्की करायची आणि सासूबाईंनी मागून यायचं. आडव्या दांड्यासाठी मी पंजाबी ड्रेस शिवून घेतला.

"टायर आईसाठी घेतले होते ना?" ह्यांनी विचारलं.

"तत्त्व तेच आहे."

"तू शेवटची सायकल कधी चालवलीस?"

"कॉलेजात."

"आणि त्या वेळी कुठे पडलीस, ते आहे का यादीत?"

मी वही मिटली.

लग्नाच्या सकाळी दोन्ही सायकली एसटीच्या टपावर चढवल्या. कंडक्टर बराच वेळ आम्हा दोघींकडे बघत होता. "बाय, सायकली हायत तर गाडीत कशाला बसताव?" मी त्याला मुरूम, खडी, बांध असं क्रमानं समजावून सांगितलं. नागोठणे येईपर्यंत तो ऐकत होता. नंतर तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

रोह्याहून निघालो आणि खरं सांगते, पहिले साडेचार मैल मी उडत होते. मुरमावर टायर कसे गुणगुणत होते! खडीवरून गेले तरी जराही घसरले नाहीत. मी पुढून ओरडून प्रत्येक रकाना सासूबाईंना समजावत होते. त्या मागून शांतपणे, कण्हतकुथत नाही, घाई नाही, अशा एका लयीत येत होत्या. माझ्या कॅरियरला लग्नाचा आहेर बांधला होता: स्टीलचं पातेलं, झारा आणि उलथनं. अकरा वाजता शेतं लागली, आणि समोरची शेतं चमकताना दिसली.

माझ्या यादीत पाट होता. त्या आठवड्यात उन्हाळी भाताला पाटाचं पाणी सोडलेलं असेल, हे यादीत नव्हतं.

"सुनंदा, उतर गो!" मागून हाक आली.

"आई, याच्यासाठीच तर हे टायर..."

पुढचं वाक्य मी चिखलात म्हटलं. त्या मातीला चिखल म्हणणं हाही तिचा अपमान आहे. ती दाट बारीक ठोकळ्यांमध्ये जाऊन बसली, तिच्यावर आणखी बसली, मग चाक आणि दांड्याच्या मधली जागा भरली, आणि चाक थांबलं. मी थांबले नाही. पातेलंही थांबलं नाही.

मान वर केली तेव्हा सासूबाई बांधावरून येत होत्या. पातळ खोचलेलं, चपला हँडलला लटकवलेल्या, एका हातानं सायकल ढकलत. सायकल स्वच्छ, त्या स्वच्छ.

"लागलं का गो?"

"नाही. पण तुम्ही जा पुढे, आई. साडेअकरा वाजून गेलेत."

त्यांनी आपली सायकल बांधावर टेकवली. आहेरातलं उलथनं उचललं, खाली बसल्या आणि माझं चाक खरवडू लागल्या. बोटभर माती निघाली की चाक अर्धा फूट फिरायचं आणि पुन्हा अडकायचं. सहासष्ट वर्षांचे ते हात. अधूनमधून त्या डोंगराकडे बघायच्या. तिथं वाडीच्या चढावर मांडवाचं पांढरं कापड दिसत होतं. तिकडून वाजंत्रीचा आवाज येत होता, आणि मग तो थांबला. सासूबाईंचा हातही थांबला.

"आई, जा ना," मी म्हटलं. "माझ्यामुळे पुन्हा उशीर नको."

"तवाही इथंच बसले होते," त्या म्हणाल्या. "पंक्चर काढीत. ती पोर पुढं एकटीच आली. आता तुला इथं टाकून जाऊ?"

मी नुसतीच त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं आणि खरवडू लागले. मग विचारायचं ते विचारलं, वीस दिवस उशिरा. "आई, तीस वर्षं या चिखलातून तुम्ही सायकल चालवायचात कशी?"

"चालवायची?" त्या खरोखरच बुचकळ्यात पडल्या. "इथं कोण चालवील? इथं उतरायचं आन ढकलायची. आर्धी वाट चालायचीच हाय ती."

"मग सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगाया आले. तू लिवत होतीस."

माझी सायकल आम्ही बांधावर आडवी टाकली आणि शेतात पाणी लावणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हवाली केली. त्यानं टायर निरखून पाहिला आणि विचारलं, "ह्यो बैलगाडीचा का?" मग आम्ही दोघी एक सायकल ढकलत चालू लागलो. पाट ओलांडला, वाडीचा चढ आला. वाडी पन्नास पावलांवर असताना, जिथं वाट सपाट होते तिथं सासूबाई थांबल्या, चपला घातल्या, पदर नीट केला आणि सायकलीवर बसल्या. मी पातेलं, झारा आणि चिखलाचं उलथनं घेऊन मागून पळत सुटले. बारा पन्नास झाले होते.

मांडवात सगळे बसलेले, पण कुणी जेवत नव्हतं आणि कुणी वाजवत नव्हतं. भटजी पंचांग घेऊन एकटेच कावले होते. आणि मांडवाच्या तोंडाशी, मुंडावळ्या बांधलेली, हिरव्या शालूतली सुगंधा उभी होती.

"नर्सबाय," ती म्हणाली, "मागल्या येळी मी थांबले नाय. आज थांबले."

सासूबाई उतरल्या. त्यांनी सायकलचं स्टँड लावायला तीन वेळा पाय मारला, तरी ते लागेना. तीस वर्षांत रोज लावलेलं स्टँड ते. चौथ्यांदा मी जाऊन सायकल धरली, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी त्या मुलीचं तोंड धरलं आणि नुसत्याच बघत राहिल्या. जन्मली तेव्हा बघायचं राहून गेलेलं जणू आत्ता बघून घेत होत्या. भटजींनी पंचांगातून एक वाजून दहाचा मुहूर्त काढला. (नीट पाहिल्यावर तो तिथं होताच म्हणे.)

यमुना माझ्याकडे बघत होती. वरपासून खालपर्यंत मी भाताचं शेत होते. "नर्सबाय, ही कोन?"

"माझी सून," सासूबाई म्हणाल्या, आणि कुणी हसण्याआधीच माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं म्हणाल्या, "टायर हिनंच निवडले. माझ्यासाठी."

यानंतर सगळे हसले. मीही हसले, कारण यादीत दुसरं काही उरलं नव्हतं. उलथनं धुवून आहेरात दिलं. सुगंधा पुढं कधीतरी पेणला आली तेव्हा म्हणाली की, ते अजून जरा वाकडं आहे, पण भाकरी छान उलटते. सायकल परत करताना टायर रशीदभाईंच्या भावालाच देऊन टाकले. खाडीत होडी धक्क्याला घासू नये म्हणून तिच्या कडेला बांधायला ते फार उपयोगी पडतात, असं कळलं.

त्या रात्री घरी आल्यावर मी सासूबाईंच्या पायाला तेल लावत होते. मनातून जाईना म्हणून शेवटी विचारलंच, "आई, पुन्हा त्या वाटेनं जायचं झालं, तर काय घ्यायला हवं?"

त्यांनी दुसरा पाय पुढे केला.

"बरी चप्पल घे."

मी उठले, हात पुसले, वही काढली, नवं पान घेतलं, वर 'चप्पल' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.