म्हाताऱ्यांच्या वॉर्डातल्या अक्का

"आधी खाली बस. उभ्यानं म्हाताऱ्या माणसाला बोलू न्हाई."

अक्कांचं हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मला नोकरीला लागून तासही झाला नव्हता. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा नर्सिंगचा पहिला धडा. आणि आम्हाला शिकवायला नेमलेली ही थोरली सिस्टर खुशाल एका आजोबांच्या पायथ्याशी ऐसपैस बसलेली! निलंग्याकडच्या होत्या. सगळा दवाखाना त्यांना अक्का म्हणायचा. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. एका संस्थेच्या आमच्या छोट्या दवाखान्यावर नव्या जिल्ह्याची ताजी पाटी लागली होती, आणि नळाला पाणी नव्हतं. दुष्काळ होता. धडधाकट माणसं खडी फोडायला गेलेली, घरी बघायला कुणी नाही म्हणून आजारी म्हातारी माणसं आमच्याकडे आणून घातलेली. त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड काढला आणि आम्हा सहा नव्या पोरींना अक्कांच्या हवाली केलं.

अक्कांचं शिकवणं कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी आमच्या कानांत कापूस कोंबला, चपलेत ज्वारीचे दाणे टाकले, डोळ्यांवर तेल फासलेला चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "जा आता व्हरांड्याच्या टोकापस्तोर." मी चौथ्या पावलाला भिंतीवर आपटले. "लई लवकर म्हातारी झालीस गं!" म्हणत अक्का हसून बेजार. मग मला खाटेवर निजवून मैत्रिणीला भात भरवायला लावला. तिनं घास पुढे केला तसा तिच्या हातावर चापट. "तिला विचारलंस का? का नुसतं कोंबायलीस?"

तुम्हीही पाहिलं असेल, म्हाताऱ्या माणसाला आपण किती सहज उचलतो, पुसतो, गुंडाळतो. विचारत नाही. मी तर सगळ्यांत चपळ. त्याचा मला गर्वही होता.

अक्का दोन दिवसांसाठी नांदेडला गेल्या होत्या, तेव्हा एका आजीला तिच्या मुलानं आणून घातलं. पक्षाघाताच्या झटक्यानं वाचा गेलेली, अंगावर आठवड्याचा मळ. मी अर्ध्या बादलीत तिला लख्ख पुसून काढलं. गळ्यात काळपट, तेलकट दोरा आणि त्याला कापडात बांधलेलं काहीतरी होतं. मी माहूरकडची, मला वाटलं, ताईत असेल. कात्रीनं दोरा कापला, मळक्या लुगड्यात गुंडाळला आणि गाठोडं तिच्या मुलाच्या हातात दिलं. तो कामावर खाडा नको म्हणून तसाच गावाकडे गेला.

आजीनं त्या दुपारपासून पाण्याला तोंड लावलं नाही. चमचा नेला की ओठ घट्ट मिटायची. शिल्लक असलेली एकुलती सलाईनची बाटली डॉक्टरांनी लावायला सांगितली. तिचा एक हात सारखा छातीकडे जायचा. ती सुई उपटणार, अशी माझी खात्री झाली. मी बँडेजच्या पट्टीनं तिचे दोन्ही हात खाटेला बांधले आणि कागदावर लिहिलं, "पेशंट हट्टी आहे. पाणी घेत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. बांधलेले हात बघून दारातच थबकल्या. मग खाटेवरचा कागद नावापासून वाचला, आजीजवळ बसल्या, तिच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि माझ्याकडे वळल्या. 

"हिच्या गळ्यातलं लिंग कुठाय?"

"तो मळका दोरा? कापून मुलाकडे गाठोड्यात दिला," मी म्हटलं.

"पोरी, लिंगायताची बाई हाय ही. लिंग अंगावर नसताना पाण्याचा थेंब घेत न्हाईत हे लोक. तू हिला दोन दिवस तहानलेली बांधून ठेवलीस गं!"

 छातीकडे जाणारा तो हात सुईकडे जातच नव्हता. 

अक्कांनी पट्ट्या सोडल्या आणि मिळेल त्या एस.टी.नं तिच्या गावाला गेल्या. दुपारी मुलाला आणि लिंगाला घेऊन परत आल्या. नव्या दोऱ्यात ओवून ते आजीच्या गळ्यात घातलं. तिनं ते डाव्या मुठीत धरलं, कपाळाला लावलं आणि तांब्याभर पाणी न थांबता प्याली. आम्ही सगळ्या रडलो. आता आजी वाचली, असं वाटलं.

दोन दिवसांनी ती गेली. पाण्यावाचून काढलेल्या दिवसांनी किडन्या निकामी झाल्या, लघवी बंद झाली होती. मुलगा वॉर्डाच्या मधोमध उभा राहून ओरडला, "माझ्या मायच्या गळ्यातलं कुणी कापलं?"

मी औषधांचा ट्रे धरून उभी होते. त्यातल्या गोळ्या मोजू लागले.

"म्या कापलं, दादा," अक्का म्हणाल्या. "माझ्या हातनं झालं."

अक्का तेव्हा नांदेडला होत्या, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ते जमिनीकडे बघत राहिले. आठवड्यात संस्थेनं अक्कांना कंधारच्या दवाखान्यात साध्या नर्सच्या जागेवर पाठवलं.

स्टँडवर मी त्यांना गाठलं. "अक्का, मी संस्थेच्या साहेबांना खरं सांगते."

"साहेबाला सांगून ती म्हातारी उठणार हाय का?" खिडकीतून त्या म्हणाल्या. "नव्या पोरी येतील, त्यांना सांग. सवताचं नाव घेऊन सांग, म्हंजी ऐकतील." गाडी हलली. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.

मी सांगत आले. दरवर्षी, प्रत्येक वर्गाला. फक्त "एक नवी सिस्टर होती" असं सांगत आले.

गेल्या महिन्यात कंधारहून अक्का गेल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी गोष्ट सुरू केली आणि या वेळी म्हटलं, "ती सिस्टर मी."

लिहिणारे हात थांबले.  मग मागच्या बाकावरून एकीनं चाचरत विचारलं, "मग मॅडम, तुम्हाला काय शिक्षा झाली?"

"मला?" मी म्हटलं. "काही नाही. चार वर्षांनी अक्कांची जागा मलाच दिली."