बाळकृष्णाच्या आसनातील निरगाठ

सुहृदांनो, आज दुपारी मी माझीच लेस कात्रीने कापली आणि मला त्याचा यत्किंचितही खेद नाही.

देव्हाऱ्यातील बाळकृष्णासाठी मी टॅटिंगचे, म्हणजे धोट्याने गाठी घालत विणायच्या लेसचे, गोल आसन विणते आहे. या कामात प्रत्येक गाठ धाग्यावर सरकती राहावी लागते, तरच धागा ओढल्यावर लेसची कडी मिटते. आज सुरगाठीऐवजी निरगाठ बसली. कडी मिटेना, गाठही सुटेना.

सूनबाई म्हणाल्या, "आई, तुळशीबागेत तयार आसने मिळतात हो."

"मिळतात ना. सोबत भक्तीही देतात का, तेवढे विचारून या."

यजमानांनी वर्तमानपत्रातून डोके काढले. "अगं, ती गाठ मूर्तीखाली झाकली जाईल. कोणाला दिसणार आहे?"

"दिसणार नाही, टोचेल. बसायचे त्याला आहे, आपल्याला नाही."

मग ती संपूर्ण फेरी कापून टाकली आणि धोट्यात नवा धागा भरला.

आपण माझ्या जागी असता तर ती गाठ झाकली असती का, हे प्रामाणिकपणे सांगावे. जन्माष्टमी तोंडावर आली आहे, हे मी जाणते. आसन पूर्ण झाले नाही, तर बाळकृष्ण माझ्या मांडीवर बसेल. निरगाठीवर मात्र मी त्याला बसवणार नाही.