आठवी ब चे राष्ट्रपती

पनवेलच्या समस्त नागरिकांना, तसेच पळस्पे फाट्यावर उभं राहून कोणत्या गाडीला हात करावा या विचारात पडलेल्या प्रवाशांनाही अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आठवी ब चे राष्ट्रपती प्रथम सत्र परीक्षेच्या तोंडावर तापाने आजारी पडले. सकाळी त्यांच्या आईचा फोन आला. "बाई, अंग नुसतं भाजतंय त्याचं. आज नाही पाठवत." देशाचा सर्वोच्च पदाधिकारी घरी गोधडीखाली पेज पीत पडला आणि इकडे माझ्या संसदेत त्याची खुर्ची रिकामी राहिली. पुढे जे काही घडलं ते त्या खुर्चीमुळे घडलं.

मी समाजशास्त्र शिकवते. शाळेत या विषयाला काय मान असतो हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गणिताचा तास म्हणजे लॉकरमधला दागिना. समाजशास्त्राचा तास म्हणजे शेजारच्यांची शिडी. ज्याला हवी त्याने न्यावी आणि परत आणून द्यायची कुणाला घाई नसावी. दात तपासायला डॉक्टर आले, घ्या समाजशास्त्राचा तास. गॅदरिंगची तालीम आहे, घ्या. पाहुणे येणार म्हणून पताका लावायच्या आहेत, अहो घ्या की, बाई काही म्हणायच्या नाहीत. आणि परीक्षा जवळ आली की शिडी न्यायला ठरलेले गिऱ्हाईक यायचे: गणिताचे सर.

सर अत्यंत सज्जन. उधार साखर मागायला आल्यासारखे दारात उभे राहायचे. "बाई, आजचा तास देता का? अवयव पाडणं राहिलंय. तुमचं काय, मुलं घरी वाचतील." मी हो म्हणायची. मुलं घरी वाचत नसत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

परिणाम घटक चाचणीत दिसला. आमच्या मुलांनी एक रामबाण उत्तर शोधून काढलं होतं: जनजागृती. प्रदूषण कसं रोखाल? जनजागृती करून. मतदान कसं वाढवाल? जनजागृती करून. इथवर मी गुण दिले. पण 'लोकसभेची मुदत किती वर्षांची असते?' या प्रश्नाला एकाने लिहिलं, 'जनजागृती केल्यास वाढू शकते.' हा पेपर मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या हातात पडला.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा डोळ्यांवर असेपर्यंत त्या बोलतात, काढला की निकाल देतात. "सत्र परीक्षेआधी सराव परीक्षा घेऊ. त्यात सुधारणा दिसली नाही, तर आठवी ब चे समाजशास्त्राचे आठवड्यातले दोन तास कायमचे गणिताला. तिथे निदान काही उपयोग होईल."

कायमचे! शिडीच्या दोन पायऱ्या आता कायमच्या कापल्या जाणार होत्या. उरलेल्या तासांत धडे संपवायचे तर एकच मार्ग होता. खुर्चीत बसायचं, गाइड उघडायचं आणि 'पुढील उत्तर लिहून घ्या' म्हणायचं. अशी एक बाई मला माझ्या शाळेत होती. तिचा आवाज आठवत नाही, चेहरा आठवत नाही, फक्त पानं उलटताना जिभेला लागणारं बोट आठवतं. ते बोट मला माझ्या हाताला नको होतं.

मग मी आठवी ब मध्ये भारताची संसद भरवली.

बाकं अर्धवर्तुळात लावली. प्रत्येकाला एकेक पद दिलं. मागच्या बाकावरचा एक दणदणीत आवाजाचा मुलगा, ज्याची आई बाजारात मासळी विकते आणि आवाज अर्थातच वारशाने आलेला, तो पाणीमंत्री झाला. बेलपाड्याकडून येणारी एक मुलगी विरोधी पक्षनेता झाली. तिच्या आजोबांची भातखाचरं आता टॉवरखाली आहेत, त्यामुळे विरोध तिला शिकवावा लागला नाही. एका उंच, शांत मुलीला मी राज्यसभा केलं. तिला सांगितलं, "राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही." तेव्हापासून ती सर्दी झाली तरी शाळेत यायची. म्हणायची, "मी कशी राहू घरी? मी स्थायी सभागृह आहे." राष्ट्रपती मात्र मी मुद्दाम वर्गातला सर्वांत अबोल मुलगा निवडला. स्टाफरूममधली हातवाली एकुलती एक खुर्ची त्याच्यासाठी उचलून आणली.

आमच्यापुढचं विधेयक होतं पाण्याचं. पनवेलमध्ये दुसरं कुठलं असणार? एक धरण, भोवती गावं आणि इमारती, आणि पाणी सगळ्यांना पुरत नाही. मंत्र्यांनी विधेयक मांडलं की वरच्या मजल्यांच्या टाक्या आधी भरायच्या, कारण पाणी वर चढायला वेळ लागतो.

विरोधी पक्षनेता उठली. "अध्यक्ष महोदय, जागा आमची घेतली, टॉवर तुमी बांधले. आता टाकी पन तुमचीच पयली भरायची? नाय. आमी नाय म्हनतो."

"तुमच्याकडे विहीर आहे की!" मंत्री.

"विहिरीत तुमच्या टॉवरचा पार्किंग हाय!"

असा सगळा कायदा मुलांनी पाठ केला. पहिलं वाचन, कलमवार चर्चा, तिसरं वाचन, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची सही. मी वर्गाच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवायची. शेजारच्या वर्गातून तक्रारी आल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या तक्रारी मोठ्या बाईंना स्वतः जाऊन सांगितल्या.

सराव परीक्षा आली. पर्यवेक्षक कोण? गणिताचे सर. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात सरांनी मला आणि मोठ्या बाईंना निरोप पाठवला. आम्ही धावत वर गेलो. सर फळ्याजवळ घाम पुसत उभे होते.

"बाई, इतकी वर्षं पर्यवेक्षण करतोय. असली कॉपी पाहिली नाही. कुणी चिठ्ठी काढत नाही, कुणी बोलत नाही. पण दुसरा प्रश्न आला आणि अख्ख्या वर्गाने एकदम खिडकीकडे मान वळवली. तिसऱ्याला एकदम दाराकडे!"

मोठ्या बाईंनी पहिल्याच बाकावरच्या मुलाला उभं केलं. "खिडकीकडे काय पाहत होतास?"

"राज्यसभेकडे, बाई."

"काय?"

"ती राज्यसभा आहे ना, बाई. मी तिला काही विचारलं नाही. नुसतं बघितलं. बघितलं की आठवतं."

उंच मुलीने गंभीरपणे मान डोलावली. अख्खा वर्ग आपल्याकडे वळला याचा तिला थोडासा अभिमानही वाटत होता.

"आणि दाराकडे?"

"तिकडे मंत्रिमंडळ बसतं, बाई."

सर माझ्याकडे पाहत होते, मोठ्या बाई माझ्याकडे पाहत होत्या. हसू दाबताना माझ्या पोटात दुखत होतं. पण मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि हसू जागच्या जागी विरलं. त्या म्हणाल्या, "उद्या तुमच्या तासाला मी वर्गात येऊन बसते. सरही येतील. काय शिकवलंत ते दाखवा. त्यावर दोन तासांचं ठरवू."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्रपतींना ताप आला.

तासाला मोठ्या बाई माझ्या टेबलाशी बसल्या. सर मागून आले आणि बसायला जागा शोधू लागले. वर्गात एकच रिकामी खुर्ची होती, हातवाली. ते तीत टेकले तसा अख्खा वर्ग उभा राहिला.

"बसा, बसा," सर दचकून म्हणाले. "मी नुसता बघायला आलोय."

"राष्ट्रपती पण नुसते बघायलाच असतात, सर," पाणीमंत्री म्हणाला. मी डोळे वटारले. राज्यघटनेच्या दृष्टीने त्याचं विधान फारसं चुकीचं नव्हतं, पण वेळ चुकीची होती.

अधिवेशन सुरू झालं. मंत्री गरजला, विरोधी पक्षनेत्याने त्याला पार्किंग ऐकवलं, राज्यसभेने संथपणे चर्चा केली. माझी छाती फुगली. मोठ्या बाईंनी मधेच हात वर केला.

"तू," त्या मंत्र्याला म्हणाल्या, "राज्यसभेचे सदस्य किती वर्षांसाठी निवडले जातात?"

मंत्र्याने खिडकीकडे पाहिलं.

"तिच्याकडे नको. माझ्याकडे बघ."

मंत्री मोठ्या बाईंकडे पाहू लागला. आवाज गेला. सगळ्या वर्गात त्याच्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता आणि आता तो कुठूनच बाहेर पडेना. मोठ्या बाईंनी राज्यसभेला मंत्रिमंडळाबद्दल विचारलं. तिने दाराकडे मान वळवली.

"बाई," मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या, "एकाला सोंड पाठ, एकाला शेपूट पाठ. हत्ती कुणालाच माहीत नाही. परीक्षेत राज्यसभा प्रत्येकाच्या बाकावर जाऊन बसणार आहे का?"

त्यांचं बरोबर होतं. नाटकाच्या नादात मी प्रत्येकाला स्वतःचीच वाक्यं पाठ करू दिली होती. ग्राउंडवर कुणीतरी शिट्टी वाजवली, तीही मला उपहासाने वाजवल्यासारखी वाटली. हरलेल्या नटाकडे एकच उपाय असतो, आणखी जोरात नाटक करणं. मी टाळी वाजवली.

"निवडणुका झाल्या! सरकार पडलं! सगळ्यांनी जागा बदला!"

बाकांचा खडखडाट झाला. मंत्री उठून राज्यसभेच्या जागी गेला, राज्यसभा विरोधी बाकावर, आणि बेलपाड्याची मुलगी पाणीमंत्री झाली. राष्ट्रपती तेवढे जागच्या जागी राहिले, कारण त्यांना ताप होता आणि सरांना उठायचं सुचलं नाही.

सुरुवातीला सगळे अडखळले. ज्याच्या जागी बसलो त्याचं वाक्य काय होतं, हे आठवायला प्रत्येकाने डोळे मिटले. पण महिनाभर एकमेकांची भांडणं ऐकली होती. ती डोक्यात कुठेतरी होतीच. नव्या राज्यसभेने स्वतःची छाती ठोकून सांगितलं, "माझे सदस्य सहा वर्षांसाठी असतात, आणि मी कधी विसर्जित होत नाही!" या वेळी त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. तो स्वतःच खिडकीशी बसला होता. मोठ्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. काय, ते मला दिसेना.

खरा गोंधळ नव्या पाणीमंत्र्यांनी केला. तिने जुनं विधेयक फाडल्याचा अभिनय केला आणि नवं मांडलं. "ज्यांची जागा गेली त्यांची टाकी पयली. सातव्या मजल्याच्या वरच्यांनी टँकर मागवायचा."

मागून आवाज आला. "हे चूक आहे."

सर्वांनी वळून पाहिलं. राष्ट्रपती बोलले होते.

"सर," मी हळूच म्हटलं, "राष्ट्रपती चर्चेत भाग घेत नाहीत."

"हो, हो. पण चूक आहे."

इथे सांगायला हवं की आमचे सर नवीन पनवेलला दहाव्या मजल्यावर राहतात. शिवाय ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. पाणी आलं नाही की अख्खी इमारत त्यांची बेल वाजवते. शाळेत ते इतके शांत का असतात, याचं कारण मला त्या दिवशी कळलं. त्यांचं सगळं भांडण घरीच संपत असावं.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. बेलपाड्याच्या मुलीने ते सरांसमोर धरलं. "सही करा, सर."

"मी सही करणार नाही."

"मग परत पाठवा," विरोधी बाकावरची उंच मुलगी म्हणाली. "एकदा परत पाठवता येतं. फेरविचारासाठी."

"पाठवलं! फेरविचार करा! दहाव्या मजल्यावर माणसंच राहतात, कबुतरं नाही राहत!"

संसदेने फेरविचार केला. फेरविचार म्हणजे बेलपाड्याच्या मुलीने मागे वळून विचारलं, "तसाच पास?" आणि बहुमताने बाकं वाजवली. विधेयक पुन्हा सरांसमोर आलं.

"आता सही करावीच लागते, सर," नवी राज्यसभा म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही म्हणता येत."

"कुठे लिहिलंय?"

"संविधानात!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. एकानेही मान वळवली नव्हती.

सरांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्या कागदाकडे पाहिलं. "असं कसं? चर्चाच नीट झाली नाही. मोटरच्या वेळेचं काय? लिफ्ट बंद असते तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी—"

घंटा झाली.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि चष्म्याला हात घातला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "आता त्या दोन तासांचं—"

"थांबा हो, बाई!" गणिताचे सर हातवाल्या खुर्चीतून उठून ओरडले. "पुढचा तास माझाच आहे, तोही समाजशास्त्रालाच घ्या, पण आमच्या सोसायटीला असं टँकरवर सोडून कुणीही जागचं हलायचं नाही!"